हेडफोनआधी ढोलकी ऐका

चैत्र जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. बाहेर फडाचा फलक, आत सतरंजी किंवा टेबल-खुर्ची आणि समोर यात्रेची सुपारी द्यायला आलेले गावकारभारी. कुठल्या तिथीला कुठला फड, किती कलावंत, रक्कम किती, सगळं इथंच ठरतं. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. विठाबाई नारायणगावकर इथल्या. गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. सुपारी द्यायला आलेल्या म्हाताऱ्या पंचाचा कान असा तयार असतो की ढोलकीवर पहिली थाप पडताच तो शेजारच्याला म्हणतो, “गडी तयारीचा आहे.”

त्याच पंचाचा नातू आता हेडफोनच्या शोधात असतो. २०२३ च्या जुलैत जुन्नरच्या टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या घरात भाव गेला होता. अशा एखाद्या हंगामात घरात पैसा खेळतो आणि पोराच्या मनात येतं, की दोन हजारांचे इयरबड पुरे झाले, आता खरा हेडफोन घेऊ. मग तो तीस-चाळीस हजारांचे आकडे पाहतो, ‘डीप बेस’, ‘हाय-रेझ’ असले शब्द वाचतो आणि गोंधळतो. हा गोंधळ आजोबाचा कान वापरला तर बराचसा सुटतो.

ढोलकीला दोन तोंडं. एकीकडे धूम, म्हणजे खालचा घुमणारा आवाज. त्या बाजूच्या पुडीला आतून मसाला लावलेला असतो. दुसरीकडे शाई. ती बाजू चढी, टणक आणि सुरात लावलेली. चामड्याच्या साध्या ताणलेल्या वाद्यातून ठाम सूर निघत नाही, कारण त्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या थरामुळे ते जुळतात आणि वाद्य ‘बोलतं’. हे कोडं सी. व्ही. रामन यांनी उलगडलं. आपल्या शाईच्या वाद्यांवरचा त्यांचा लेख १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला होता. लावणीतली सगळी गंमत या शाईच्या बाजूला आहे. बाईनं शब्द फेकला की ढोलकी तो झेलते आणि उलटं उत्तर देते. ते उत्तर शाईवर वाजतं, धूम त्याला फक्त खालून टेकू देते.

आता बाजारातला ‘एक्स्ट्रा बेस’वाला हेडफोन लावून हीच लावणी ऐकावी. धूम फुगते, गादीसारखी पसरते आणि शाईचे बोल तिच्याखाली दबतात. यामागे कानाचा स्वभाव आहे. खालचे मोठे आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतात, उलट मात्र तितकं होत नाही. म्हणजे बेस वाढवला की फक्त बेस वाढत नाही, बाकीचं गाणंही कमी होतं. बैलगाडा शर्यतीच्या घाटात किंवा वरातीच्या डीजेपुढे वाढलेल्या कानाला सुरुवातीला हे आवडतं. पंधरा मिनिटांनी डोकं जड होतं आणि तुणतुणं कुठे गेलं, असा प्रश्न पडतो.

तुणतुणं, कडं, झांज, झीलकऱ्यांचा चढा सूर हा सगळा ऐवज वरच्या पट्टीतला. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, पण सगळीकडे सारखा तीक्ष्ण नसतो. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान तो सर्वांत जागा असतो. कानाची नळीच तीन हजारांच्या आसपास घुमते, माठात तोंड घालून बोललं की आवाज घुमतो तशी. उघड्यावर ऐकताना ही वाढ आपोआप मिळते. हेडफोन थेट कानाशी बसतो, त्यामुळे ती त्याच्या जुळणीत मुद्दाम घालावी लागते. ती कमी पडली तर गायिका घोंगडीआडून गाते असं वाटतं, जास्त झाली तर ती किंचाळते. शिवाय प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी. म्हणून एकच हेडफोन एकाला गोड लागतो आणि दुसऱ्याला कर्कश, आणि दोघंही खरं बोलत असतात.

मग चांगलं म्हणजे काय? अमेरिकेतल्या हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी गेल्या दशकात हाच प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवला. नाव-किंमत झाकून हेडफोन ऐकवले आणि बहुतेकांना कोणती जुळणी आवडते, ते तपासलं. त्यातून निघालेली वक्ररेषा आज अनेक कंपन्या समोर ठेवतात. तिच्यात बेस थोडा वाढवलेला असतो. पण ती ठरवताना ढोलकी, पखवाज, तानपुरा समोर ठेवलेले नव्हते, एवढं आपण ध्यानात ठेवलेलं बरं. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोनांची मोजमापं ताडून पाहिली, तेव्हा किंमत आणि आवाजाची जुळणी यांचा काहीच संबंध सापडला नाही. चढ्या किमतीत बांधणी, साहित्य आणि नाव मिळतं. तुमच्या गाण्याला मानवणारी जुळणी मिळेलच असं नाही.

किमतीला तसा अंतही नाही. सेनहायझरचा ‘एचई १’ संगमरवरी अँप्लिफायरसह येतो. २०१५ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत सुमारे ५० हजार युरो होती. तेवढ्यात मंचरच्या शोरूममधून चार-पाच ट्रॅक्टर निघतील. तो बाजूला ठेवू.

ज्यांचा जीव लावणीत, ख्यालात किंवा नाट्यसंगीतात आहे, त्यांनी गळा स्वच्छ दाखवणारा हेडफोन घ्यावा. १९९७ पासून बाजारात असलेला सेनहायझरचा ‘एचडी ६००’ याच गुणासाठी टिकून आहे. त्यात अगदी तळाचा, पोटात हादरणारा बेस नाही. पण किशोरी आमोणकरांचा सूर लागताना तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेखालच्या धाग्यानं फुलणारी ती झिलई, मागे अखंड ऐकू येते. स्वस्त हेडफोनवर तानपुरा नुसता गुणगुणतो. चांगल्यावर तो उलगडतो आणि कान देऊन ऐकलं तर न छेडलेला गंधारही त्यात सापडतो. दुकानात हीच परीक्षा घ्यावी: आलाप सुरू होण्याआधीचं अर्धं मिनिट ऐकावं, ज्यात फक्त तानपुरे आहेत.

भजनी मंडळींची अडचण वेगळी. दहा-वीस टाळ एकदम वाजतात आणि खाली कणीक लावलेला पखवाज घुमतो. बेयरडायनॅमिकच्या ‘डीटी ९९०’सारखा वरच्या पट्टीत तेज असलेला हेडफोन इथं काचेच्या तुकड्यांसारखा टोचतो. भीमसेन जोशींची संतवाणी त्यावर तासभर ऐकणं ही शिक्षा आहे. याउलट ऑडेझच्या ‘एलसीडी-२’सारखे प्लॅनर जातीचे हेडफोन वरचं टोक मवाळ ठेवतात आणि पखवाजाला भरीव ठेवतात. प्लॅनर म्हणजे शंकूऐवजी सपाट, पातळ पडदा दोन्ही बाजूंच्या चुंबकांमध्ये थरथरतो. त्याचा तोटा मानेला कळतो. ‘एचडी ६००’ २६० ग्रॅमचा, तर ‘एलसीडी-२’ अर्ध्या किलोच्या वर. डोक्यावर अर्धा शेर धान्य घेऊन काकडा ऐकायचा का, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

अजय-अतुलच्या चाहत्यांना मात्र मोकळी जागा हवी. ‘सैराट’चं वाद्यवृंदाचं काम लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झालं. व्हायोलिनचा ताफा एका बाजूनं उठतो आणि पितळी वाद्यं मागून येतात. ही रुंदी दाखवणाऱ्या हेडफोनांना उघड्या पाठीचे म्हणतात. त्यांच्या वाटीला मागून जाळी असते, आवाज अडकत नाही, आणि गाणं डोक्याच्या आत न राहता थोडं बाहेर उभं राहतं. पहिला असा हेडफोन, ‘एचडी ४१४’, सेनहायझरनं १९६८ मध्ये आणला.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. ‘पिंजरा’ १९७२ चा. त्या काळची बहुतेक चित्रपटगीतं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. ज्याच्या यादीत राम कदम, वसंत पवार आणि सुलोचना चव्हाण यांचीच गाणी भरलेली आहेत, त्यानं ‘भव्य साउंडस्टेज’साठी वीस हजार जास्त मोजणं व्यर्थ आहे. मोनो गाणं डोक्याच्या मधोमधच बसणार. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर तर वरच्या पट्टीत गाण्यापेक्षा खरखर अधिक. फार तपशील दाखवणारा हेडफोन ती खरखरच प्रामाणिकपणे दाखवतो. अशा श्रोत्याला मध्यम किमतीचा, मधली पट्टी भरीव असलेला हेडफोन जास्त सुख देतो. जुन्या कॅसेटवरून कुणीतरी यूट्यूबवर चढवलेला वग लाखाच्या हेडफोननंही सुधारत नाही.

‘हाय-रेझ’च्या सोनेरी शिक्क्याचंही तसंच. तो मिळवायला उपकरणाला ४०,००० हर्ट्झपर्यंत मजल मारावी लागते. साठीच्या माणसाला दहा-बारा हजारांच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. त्यापुढचं वटवाघळांसाठी.

नारायणगावच्या पूर्वेला खोडदला आणखी एक ऐकणारी वस्ती आहे. जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथल्या पंचक्रोशीत सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या ऐकतात त्या रेडिओलहरी, ध्वनी नव्हे. पण ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडण्याचं एक मोठं कारण हेडफोनवाल्यालाही पटेल: इथं माणसांनी केलेला रेडिओगोंगाट कमी होता. दूरच्या दीर्घिकेचा क्षीण संदेश ऐकायचा तर तबकडी मोठी करण्याइतकंच भोवतालचा कोलाहल टाळणं गरजेचं.

घरातही हेच. पत्र्याचं छप्पर, पंखा, शेजारच्या गोठ्यातली कडबाकुट्टी, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, असं असेल तर उघड्या पाठीचा हेडफोन कितीही भारी असो, वाया जातो. बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं घरभर जातं. तिथं बंद पाठीचा बरा, उदाहरणार्थ ‘डीटी ७७०’ किंवा स्टुडिओतला जुना खेळाडू सोनी ‘एमडीआर-७५०६’. एसटीनं रोज मंचर-पुणे करणाऱ्याला आवाज कापणारा, नॉइज कॅन्सलिंगचा ब्लूटूथ हेडफोनच हवा. तो इंजिनाच्या सलग घरघरीला छान कापतो, मागच्या बाकावरच्या गप्पांना मात्र फारसा नाही. गोंगाट झाकायला आवाज चढवणं ही सर्वांत महागडी चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त चार.

तारेचा हेडफोन घेतला तर आणखी एक खर्च निघतो. ‘एचडी ६००’चा रोध ३०० ओहम आहे. मोबाइल त्याला दमानं ढकलू शकत नाही, गाणं बारीक आणि निर्जीव वाटतं. त्यासाठी फोनमधला आवाज हेडफोनला पुरेल इतका वाढवणारा छोटा डॅक-अँप लागतो, बिडीच्या बंडलाएवढा. हे आधी कळलं नाही की माणूस हेडफोनला शिव्या देतो.

पुण्या-मुंबईला दुकानात ऐकायला जाताना आपली पाच गाणी फोनमध्ये उतरवून न्यावीत. दुकानदार त्याची चकचकीत इंग्रजी गाणी लावेल, ती कुठल्याही हेडफोनवर छान वाजतात. आपली पाच म्हणजे एक लावणी, तानपुऱ्यासह एक आलाप, एक भजन, एक जुनं मोनो गाणं आणि एक आजचं. दोन हेडफोनांची तुलना करताना आवाज सारखा ठेवावा, कारण जरा मोठा वाजणारा नेहमीच ‘जास्त चांगला’ वाटतो. चष्मा असेल तर घालूनच ऐकावं. दांडी आणि गादीमध्ये फट राहिली की बेस गळतो. वैशाखात रेक्झिनच्या गाद्यांखाली कान घामानं चिंब होतात, मखमली बऱ्या.

आणि एक जागा अशी आहे, जिथं यातलं काहीच न्यायचं नाही. शेतीला वीज रात्रीची असली की मोटार चालू करायला उसाच्या बांधावरून जावं लागतं, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो. जवळच माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. वनखात्याची सूचना असते की रात्री एकट्यानं जाऊ नका, बॅटरी ठेवा, काठीला घुंगरू बांधा, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा. तेव्हा चाळीस हजारांचा हेडफोन खुंटीला राहतो आणि फोनच्या बोटभर स्पीकरमधून, ना धूम ना शाई, नुसती चिरकी लावणी बांधाबांधानं पुढे जाते.