आजींचा हादगा आणि भरलेला संगणक

सूर्य हस्त नक्षत्रांत शिरला कीं कोल्हापुराकडे हादगा मांडतात. पुणेंकर ज्यास भोंडला म्हणतात तोच हा मुलींचा खेळ. आमच्या मातुःश्रींस घरांतलीं लहानमोठीं सारीं आजी म्हणत. ऐंशी ओलांडल्यावरहि त्या हादग्याचीं गाणीं एकास एक जोडून म्हणत, आणि मधें कोणी चाल चुकली तर टाळी वाजवून थांबवीत. दोन वर्षांमागें माझ्या पुतण्यानें त्यांस सोप्यावर बसवून दोन तास त्यांचें चित्रण केलें. पुढच्या ज्येष्ठांत आजी गेल्या. वर्षश्राद्धास सारे गोत जमणार, तेव्हां त्या चित्रणांतून चाळीस मिनिटांचा एक लहानसा चित्रपट जुळवावा आणि रात्रीं सर्वांस दाखवावा, असें ठरलें.

चिरंजीवांनीं आदल्या रात्रीं जागून काम पुरें केलें. संगणकानें 'एक्स्पोर्ट पूर्ण झालें' म्हणून सांगितलें आणि ते झोंपले. सकाळीं पाहतात तों चित्रपट कोठेंच नाहीं! बरें, पुन्हां एक्स्पोर्ट करावें म्हटलें, तर संगणक म्हणे, जागा शिल्लक नाहीं. इकडे भटजी येऊन बसलेले, तिकडे हा मुलगा घामाघूम होऊन दिसेल तें पुसून टाकीत होता. त्यांतच खरें नुकसान झालें. तें पुढें सांगतों.

आमच्या या गांवीं चित्रें हरवण्याची गोष्ट कांहीं नवी नाहीं. खरी कॉर्नरवरून जातांना बाबूराव पेंटरांच्या स्मरणार्थ उभारलेला कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो, त्याखालीं उभें राहून मनांत हाच विचार येतो. बाबूरावांनीं १९१८ च्या सुमारास स्वतःच्या हातांनीं कॅमेरा घडविला. दामल्यांसारखे शिष्य त्यांच्या हाताखालीं होते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजीं पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागला. त्यांतला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता कीं सरकारी परीक्षकांनीं तो कापावयास लावला. लोकमान्यांनीं बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढें १९२३ चा 'सिंहगड' आला, १९२५ चा 'सावकारी पाश' आला. त्यांत तरुण शेतकऱ्याचें काम करणारे शांताराम पुढें किती मोठे झाले हें सांगावयास नको. परंतु हे तिन्ही चित्रपट आज कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहींत. 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' या १९२७ च्या चित्रपटांचा कांहीं भाग हातीं लागला आहे, एवढेंच. साऱ्या हिंदुस्थानांत १३०० हून अधिक मूकपट निघाले, आणि शिल्लक राहिले जेमतेम ३०, तेहि बहुतेक अपुरे.

हे गेले कोठें? कांहीं आगींत गेले, हें उघड आहे. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती एकदां पेटली कीं पाण्यांत बुडविली तरी विझत नाहीं, कारण जळण्यास लागणारा प्राणवायु तिच्या द्रव्यांतच असतो. आणि न पेटली तरी उष्ण, दमट हवेंत चिकट होऊन अखेर तिचा भुगा होतो. पण आगीपेक्षां मला चटका लावून जाते ती दुसरी गोष्ट. चित्रपटाचा धंदा संपला, डबे वखारींत पडून राहिले, नवीन डब्यांस जागा हवी झाली, तेव्हां मालकांनीं जुन्या फिती वजनावर विकल्या. फितीवरच्या लेपांत चांदी असते. ती काढून घेऊन बाकीचें फेकून दिलें जाई. म्हणजे आमच्या पुतण्यानें त्या सकाळीं जें केलें तेंच. जागा मोकळी करण्याच्या भरांत मूळच गेलें!

कोल्हापुरानें आग पाहिली तीहि साधी नव्हे. जानेवारी १९४८ मध्यें गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. 'मीठ भाकर' हा त्यांचा तयार झालेला चित्रपट त्यांत भस्म झाला. भालजींनीं तो पुन्हां सगळा चित्रित करून लोकांपुढें आणला. एवढी जिद्द सर्वांच्या ठायीं नसते, आणि असली तरी गेलेल्या माणसाचें चित्रण पुन्हां कसें करणार?

याउलट, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' पाहा. कोल्हापुरांत १ जून १९२९ रोजीं निघालेल्या या कंपनीचा हा पहिला मराठी बोलपट १९३२ सालचा. तो आजहि पाहतां येतो. त्याच्याच आदल्या वर्षींचा 'आलम आरा', हिंदुस्थानचा पहिला बोलपट, मात्र नाहींसा झाला. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्यें स्थापन झालें, तेथें पी. के. नायर यांनीं जन्मभर डबे गोळा केले. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' त्यांनीं फाळके कुटुंबीयांकडून मिळवून जपला. तरीहि ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांतील नायट्रेटच्या साठ्यास आग लागली आणि प्रभातच्या कित्येक मूळ फिती जळाल्या. ज्यांच्या नकला आधींच न पेटणाऱ्या फितीवर उतरवून ठेवल्या होत्या, तेवढे चित्रपट वांचले.

आतां आमच्या घरच्या चोरीचा तपास. माझ्या धाकट्या पुतणीनें भावाच्या हातून यंत्र काढून घेतलें आणि पहिली ताकीद दिली ती अशी, कीं यापुढें कांहींहि पुसावयाचें नाहीं आणि कांहींहि नवें लिहावयाचें नाहीं. ही तिची सूचना मोठ्या शहाणपणाची होती. संगणकावरची फाईल पुसली म्हणजे आधीं फक्त तिचा पत्ता नाहींसा होतो, मजकूर तेथेंच असतो. त्यावर दुसरें कांहीं लिहिलें गेलें म्हणजे तो कायमचा जातो. जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर अशा फाईली पुष्कळदां परत काढतां येतात. हल्लींच्या एसएसडी नांवाच्या डिस्का मात्र पुसलेली जागा स्वतःच लवकर झाडून ठेवतात, तेथें आशा थोडी.

मग तिनें चित्रपट शोधावयास घेतला. नांवानें शोधून उपयोग झाला नाहीं, कारण घाईंत नांव काय दिलें हें भावास आठवेना. तिनें साऱ्या संगणकांत 'एमपी४' या शेपटाच्या फाईली हुडकून त्या तारखेनें लावल्या, नंतर आकारानें लावल्या. आदल्या रात्रीची एकहि नव्हती. तेव्हां तिनें ज्या प्रोग्रॅमनें चित्रपट जुळविला होता, त्याचीच एक्स्पोर्टची खिडकी उघडली. प्रोग्रॅम मागच्या वेळीं फाईल कोठें ठेवली हें लक्षांत ठेवतो, आणि पुढच्या वेळीं विचारल्याशिवाय तेथेंच नेऊन टाकतो. त्या खिडकींत एका डिस्कचें नांव होतें, पण ती डिस्क संगणकास लावलेलीच नव्हती! वहिनींनीं पहांटे टेबल पुसतांना ती हातांएवढी काळी डबी उचलून, मुलाचें कांहींतरी महत्त्वाचें असेल म्हणून, फडताळांत पंचांगाच्या मागें जपून ठेविली होती. चित्रपट तिच्यांत सुखरूप होता.

जागेची गोष्ट निराळी. चित्रण किती जागा खातें याचा हिशेब घरोघरीं एकदां तरी करून पाहावा. सेकंदास ५० मेगाबिट या दरानें चित्रण केलें तर ८ बिटांचा एक बाइट धरून सेकंदास ६.२५ मेगाबाइट, आणि तासास २२.५ गिगाबाइट होतात. आजींचे दोन तास म्हणजे ४५ गिगाबाइट झाले. पण पुतणीनें फोल्डर आकारानें लावून पाहिले तेव्हां त्याहून मोठा ढीग निघाला तो प्रोग्रॅमनें स्वतःच्या सोईसाठीं केलेल्या नकलांचा. त्यास कॅश म्हणतात. ती पुसली तरी प्रोग्रॅम पुन्हां तयार करतो. थोडा वेळ जातो इतकेंच. तिच्याखालोखाल होतीं रोज सकाळीं नातलगांकडून येणारीं सुप्रभाताचीं चित्रें आणि तींच तींच चित्रणें चार चार ठिकाणीं. हीं पुसावयास माझी कांहींच हरकत नव्हती, आणि आजींची तर मुळींच नसती.

पुसूं नये तें मूळ चित्रण. प्रोग्रॅममध्यें जो 'प्रोजेक्ट' म्हणून दिसतो त्यांत चित्रण नसतें, कोणता तुकडा कोठून घ्यावा याची केवळ यादी असते; मूळ तुकडे गेले कीं ती यादी आंधळी. फोनवरून एकमेकांस धाडलेली प्रतहि मूळ समजूं नये, वाटेंत ती बारीक झालेली असते. आमच्याकडे आतां आजींचें चित्रण संगणकावर आहे, फडताळांतल्या डबींत आहे, आणि एक प्रत पुण्यास वन्संच्या घरीं पाठविली आहे, असें वहिनी अभिमानानें सांगतात.

त्या रात्रीं सोप्यावर पडदा लावून आम्हीं हादगा पाहिला. नातसुना रडल्या, मुलें फेर धरून नाचलीं. मग पुतणीनें डिस्कवरचें बाकीचें चित्रण तपासलें, तेव्हां कळलें, कीं सकाळच्या घाईंत भावानें जे तुकडे पुसून रिसायकल बिनहि रिकामा केला, त्यांतला एक कोठेंच उरलेला नाहीं. तो चित्रपटांत घेतलेला नव्हता. त्यांत गाणें असें नव्हतेंच. चाल चुकली म्हणून आजी टाळी वाजवून नातीस थांबवितात आणि मग स्वतःच पुढची ओळ विसरून हंसूं लागतात, एवढें अर्ध्या मिनिटाचें होतें.