मोगलाईतील छायाचित्रण (लेखांक सहावा) : दोन मुलखांचा छायाचित्रकार, राजा दीनदयाळ

बीड जिल्ह्यातील माणसाला परमुलखात जाण्यासाठी 1948 पर्यंत समुद्र ओलांडावा लागत नसे. आष्टीहून पश्चिमेस निघून नगर जिल्ह्याची हद्द गाठली की मोगलाई संपून इंग्रजी मुलूख सुरू होई. मोगलाई हे निजामाच्या राज्याचे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव होते, कारण या घराण्याचा मूळ पुरुष दख्खनचा मोगल सुभेदार होता. हद्दीच्या अलीकडे हाली सिक्का, म्हणजे निजामाच्या टांकसाळीत पाडलेला रुपया चाले आणि पलीकडे इंग्रजांचा कलदार. अलीकडे कचेरीचा कारभार 1884 पर्यंत फारसीत आणि त्यानंतर उर्दूत होई, तर पलीकडे तो इंग्रजीत व मराठीत होई. आणि माल इकडून तिकडे न्यायचा तर करोडगिरी नावाचे जकात खाते आडवे येई. कायद्याच्या काटेकोर भाषेत हैदराबाद हा स्वतंत्र देश नव्हता, इंग्रजी सार्वभौमत्वाखालचे ते मांडलिक संस्थान होते. तरी नाणे, टपाल, न्यायालय, दरबारी पोशाख आणि अदब या सर्व बाबतींत फरक इतका ठळक होता की या दोन मुलखांत एकाच वेळी धंदा करणाऱ्याला दोन प्रकारच्या समाजांचे मन राखावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत हे काम ज्या छायाचित्रकाराने सर्वांत यशस्वीपणे केले, तो म्हणजे लाला, आणि पुढे राजा, दीनदयाळ.

दीनदयाळ यांचा जन्म 1844 साली मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन स्थापत्य महाविद्यालयात शिक्षण घेऊन 1866 साली ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि तेथे मुख्य अंदाजकार व आराखडेकार या पदापर्यंत चढले. अंदाजकार म्हणजे बांधकामास किती चुना, दगड व मजुरी लागेल याचा हिशेब मांडणारा, आणि आराखडेकार म्हणजे इमारतीची मोजमापानुसार रेखाटने करणारा. कॅमेरा त्यांच्या हाती 1874 च्या सुमारास आला, म्हणजे वयाच्या तिशीत, आणि तोवर इमारतीकडे पाहण्याची सवय पक्की झालेली होती. त्यांच्या चरित्रात राजेरजवाड्यांची नावे इतकी गर्दी करतात की कारकुनी आणि रेखाटनाची ही आठ वर्षे सहसा एका वाक्यात उरकली जातात. परंतु छायाचित्रांचा उलगडा व्हायचा असेल तर तो या वर्षांपासूनच सुरू करावा लागतो.

मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर 1882 साली दीनदयाळ यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला आणि त्या व इतर प्रवासांतील चित्रांतून ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ 1886 साली निघाला. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची या स्थळांच्या त्या चित्रांत एक गोष्ट सहज ध्यानात येते: उंच शिखरेही माथ्याकडे एकमेकांवर झुकलेली दिसत नाहीत. उंच वास्तू चौकटीत बसवण्यासाठी कॅमेरा वर तिरपा केला की तिच्या उभ्या रेषा वर जाताना जवळ येतात आणि इमारत मागे रेलल्यासारखी भासते. हे टाळण्यासाठी त्या काळच्या भात्याच्या कॅमेऱ्यात, म्हणजे पुढचे भिंग व मागची काच चामड्याच्या वा कापडाच्या घडीदार भात्याने जोडलेल्या पेटीत, मागची काच ओळंब्यात उभी ठेवून फक्त भिंगाची फळी वर सरकवता येई. ही युक्ती पुष्कळांना ठाऊक होती, पण प्रत्येक खांबाला ओळंबा लावल्यासारखी शिस्त दीनदयाळ यांच्या चित्रांत सातत्याने आढळते, आणि ती आराखड्याच्या टेबलावरून आलेली आहे असे म्हणण्यास हरकत नाही. अशा चित्रांत अनेकदा एखादा मनुष्य पायरीवर वा खांबालगत उभा केलेला असतो. त्याचे काम इमारतीची उंची कळवण्यापुरते असते. इंग्रज अधिकाऱ्यांना हिंदुस्थान हवा होता तो असा: मोजता येणारा, पुरातन आणि बहुतांशी रिकामा.

निजामाच्या दरबाराला याच्या नेमके उलट हवे होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना 1884 साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते राज्याधिकार मिळाले आणि त्यानंतर लवकरच दीनदयाळ यांचा हैदराबादशी संबंध जडला. सिकंदराबादेत त्यांनी 1886 साली स्टुडिओ थाटला, सरकारी नोकरी सोडली आणि 1894 साली निजामाकडून ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब मिळवला, ज्यातील मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. येथे विषय होता भरलेला दरबार: कवायती, मेजवान्या, शिकारीतले वाघ, पाहुणे आलेले युरोपीय राजपुत्र, फलकनुमा महालातील झुंबरे आणि खुर्च्या. या चित्रांत कोण कुठे बसला व कोण उभा राहिला याला अर्थ होता, कारण दरबारातील मानापमानाची उतरंड चित्रातही जशीच्या तशी उतरणे आवश्यक असे. कॅमेरा कोठे ठेवायचा हे उजेडावर जितके अवलंबून होते, तितकेच शिष्टाचारावरही. मात्र महालांच्या अंतर्भागांची कित्येक चित्रे सामानसुमानाच्या यादीसारखी वाटतात, हे दीनदयाळ यांच्या चाहत्यांनीही कबूल करावे. इमारतीच्या बाहेर दिसणारी त्यांची नजर आत शिरताच मालकाच्या नजरेत विरून जाते.

दोन्ही मुलखांत पाय ठेवणे हा योगायोग नव्हता. धंद्याची रचनाच तशी होती. सिकंदराबाद निजामाच्या राज्यात असले तरी ती इंग्रजांची मोठी छावणी होती, म्हणून एका रस्त्यावर नवाब आणि कर्नल असे दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक मिळे. त्यातच लागोपाठच्या व्हाइसरॉयांनी त्यांना आपले छायाचित्रकार नेमले, शिकागोच्या 1893 सालच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला पारितोषिक मिळाले, मुंबईत 1896 साली स्टुडिओ निघाला आणि 1897 साली राणी व्हिक्टोरियाची राजसनद मिळाली. त्यांच्या छापील प्रतींवर हा प्रवास नावाच्या रूपाने नोंदलेला आहे. काचेच्या निगेटिव्हवर, म्हणजे उजेड-अंधार उलटे उमटलेल्या मूळ पटावर, कडेला शाईने क्रमांक व शीर्षक उलट्या अक्षरांत लिहीत. छापताना शाईखालचा कागद उजेडापासून वाचे आणि अक्षरे पांढरी व सुलटी उमटत. जुन्या प्रतींवर ‘लाला दीनदयाळ’ आणि नंतरच्या प्रतींवर ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ असे नाव आढळते, त्यामुळे तारीख नसलेल्या चित्राचा काळही ढोबळपणे ठरवता येतो.

बीड जिल्ह्यात या दुहेरी व्यवस्थेचे एक छोटे रूप होते. अंबाजोगाई, जिचे निजामाच्या राज्यात मोमिनाबाद असे नाव होते, तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. कंटिंजंट म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज; याच फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. म्हणजे योगेश्वरीचे देऊळ, हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी डोंगरात कोरलेली लेणी, मोगलाई तहसील आणि इंग्रजी शिस्तीची छावणी हे सर्व एकाच गावात नांदत होते. छायाचित्रकारांचा ओघ मात्र वेरूळ आणि दौलताबादकडे वळला, आणि दीनदयाळ यांची या भागातील गाजलेली वास्तुचित्रेही तेथलीच आहेत. याचे कारण सौंदर्यात शोधण्यापेक्षा रस्त्यात शोधावे. वेरूळला जायचे तर नांदगावच्या स्थानकावर उतरून टांगा करता येई, आणि 1900 साली मनमाडहून औरंगाबादमार्गे सिकंदराबादला जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला तोही जालना, परभणी, नांदेड असा बीडला वळसा घालून गेला. बीड शहराला आगगाडीसाठी एकविसावे शतक उजाडावे लागले. काचेच्या जड पेट्या, तिपाई आणि रसायने बैलगाडीतून बालाघाटाचे चढ चढवण्याइतके मोठे आश्रयदात्याचे काम तेथे निघाले, तरच कॅमेरा तेथवर पोहोचणार होता.

या भागातील सामान्य माणूस दीनदयाळ यांच्या चित्रात ठळकपणे आला तो 1899-1900 च्या दुष्काळात. पाऊस बुडाल्याने दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात, विशेषतः औरंगाबाद सुभ्यात, म्हणजे ज्यात बीड जिल्हा मोडत असे त्या विभागात, हाहाकार उडाला. बीड जिल्ह्याची लोकसंख्या 1891 च्या खानेसुमारीत साडेसहा लाखांच्या आतबाहेर होती आणि 1901 मध्ये ती पाच लाखांच्याही खाली आली. ही घट मृत्यू आणि स्थलांतर या दोहोंची होती. निजाम सरकारने मदतकार्ये काढली आणि त्यांची नोंद छायाचित्रांतून करवून घेतली. त्यांपैकी औरंगाबाद येथील एका चित्राच्या शीर्षकाचा भावार्थ ‘क्षीणतेचे नमुने’ असा होतो. हाडांना कातडी चिकटलेली माणसे कॅमेऱ्यासमोर मांडलेली आहेत, नावे कोणाचीच नाहीत. माणसांना प्रकारांत विभागून त्यांची चित्रे घेण्याची पद्धत इंग्रजी प्रशासनाची होती. जातीजमातींचे नमुने गोळा करणारे ‘पीपल ऑफ इंडिया’सारखे ग्रंथ 1868 पासून त्याच पद्धतीने तयार झाले होते. ती येथे मोगलाई सरकारच्या कामी आली.

यापूर्वी 1876-78 च्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने अशीच चित्रे घेतली होती, आणि भुकेलेल्यांना घास देण्याऐवजी त्यांना भिंगासमोर बसवले म्हणून त्याच्यावर टीका झाली होती. दीनदयाळ यांच्या बाबतीत प्रश्न थोडा निराळा आहे, कारण त्यांच्या चित्रांचा उद्देश राज्य आपले कर्तव्य करीत आहे हे दाखवण्याचा होता, आणि ज्यांना ते दाखवायचे होते त्यांत हैदराबादच्या कारभारावर देखरेख ठेवणारे इंग्रज प्रमुख होते. मांडलिक राजाने आपण सुधारलेले राज्यकर्ते आहोत हे सिद्ध करायचे, तर ते इंग्रजांना समजेल अशाच रीतीने सिद्ध करावे लागे. दोन्ही मुलखांच्या अपेक्षा दीनदयाळ यांच्या इतर चित्रांत वेगवेगळ्या राहतात. येथे मात्र त्या एकाच काचेवर उतरल्या. दीनदयाळ यांची नजर ‘देशी’ होती, म्हणून ती परक्यांपेक्षा कनवाळू होती, असे अलीकडे वारंवार लिहिले जाते. त्यास या दुष्काळचित्रांत आधार सापडत नाही. ती नजर कुशल होती, आणि मागणीप्रमाणे बदलणारी होती. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, पण त्यावर करुणेचा मुलामाही चढवू नये.

धाकटे चिरंजीव धरमचंद 1904 साली आणि स्वतः दीनदयाळ 1905 साली वारले. थोरले ज्ञानचंद यांनी पेढी पुढे चालवली, परंतु महबूब अली खान 1911 साली निवर्तल्यावर दरबाराचा रंग बदलला आणि हातात धरून वापरण्याजोगे स्वस्त कॅमेरे आल्याने मोठ्या काचांचा धंदाही ओसरला. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी 2857 पट इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 1989 साली विकत घेऊन जतन केले आहेत. त्यांच्या कामाचा एक भाग या लेखांकात मुद्दाम बाजूला ठेवला आहे: पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी 1892 साली हैदराबादेत उघडलेला जनाना स्टुडिओ, ज्याची व्यवस्था केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे होती आणि जेथे पुरुषाला प्रवेश नव्हता. पुरुष मालकाच्या नावाने निघणारी ती चित्रे प्रत्यक्षात कोणाची मानावीत, हा प्रश्न पुढील लेखांकात घेतला आहे.