रक्तस्राव थांबला, तरी आतडं का धुमसतं?



पचनसंस्था शिकवताना आपण आतड्याचं काम एका वाक्यात सांगून मोकळे होतो: अन्न पचवणे आणि पोषक घटक रक्तात सोडणे. पण आतडं हे कुंपणसुद्धा आहे, हे सांगायचं राहून जातं. आत कोट्यवधी जिवाणू राहतात आणि त्यांच्यात व आपल्या रक्तात आडवा असतो पेशींचा एकच थर. या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलत राहतात. त्यामुळे त्यांना प्राणवायूची भूक फार.

आता समजा, अपघातात किंवा बाळंतपणात खूप रक्त गेलं. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की शरीर घरखर्चात करतो तशी काटकसर करतं. मेंदू आणि हृदयाला आधी, आतड्याला शेवटी. आतड्याच्या पेशी उपाशी पडतात, त्यांच्यातले सांधे सैल होतात.

गंमत (खरं तर गंमत कसली!) पुढेच आहे. दवाखान्यात रक्त चढवलं, आतड्याकडे प्रवाह पुन्हा सुरू झाला, की तिथेच दाह भडकतो. उपाशी पेशींना एकदम प्राणवायू मिळाला की त्यातून घातक रेणू तयार होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि टीएनएफसारखे दाह वाढवणारे पदार्थ सोडतात. पूर्वी वाटायचं की जिवाणूच रक्तात शिरतात. पण जखमी रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शोधलं, तेव्हा ते फारसे सापडले नाहीत. दाहक पदार्थ बरेचसे लसिकावाहिन्यांतून जातात. ही लसिका मानेजवळ रक्तात मिसळते आणि तिथून हृदयामार्गे पहिला मुक्काम फुफ्फुसात! म्हणून जखम पायाला आणि दोन दिवसांनी त्रास श्वासाला, असं घडू शकतं.

मग हा दाह कमी कसा करायचा? मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची लांब नस इथे कामाची आहे. अमेरिकेतील केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली उंदरांवर दाखवलं, की ही नस विजेने चेतवली तर टीएनएफ कमी तयार होतं. २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आणखी सोपी वाट दाखवली. रक्तस्राव घडवण्याआधी उंदरांना स्निग्ध पदार्थ जास्त असलेलं अन्न दिलं, तर आतड्यातलं एक संप्रेरक याच नसेला जागं करतं आणि दाह उतरतो. नस कापली की हा फायदा गेला.

पण म्हणून जखमी माणसाला तूप पाजा, असा अर्थ कृपया काढू नका! ते उंदरांवरचे प्रयोग आहेत, आणि अन्न आधी दिलेलं होतं. रस्त्यावर जखमीला पाणी, चहा, काहीच देऊ नये. भूल द्यावी लागली आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. शिवाय रक्ताविना असलेलं आतडं पचवणार कशाने?

दवाखान्यात मात्र उलट दिसतं. रक्तस्राव थांबला, रक्तदाब स्थिर झाला, की डॉक्टर २४ ते ४८ तासांत नळीने थोडं थोडं अन्न सुरू करतात. नातेवाईक म्हणतात, "एवढ्यात कशाला? पोटाला आराम द्या की." पण आतड्याच्या पेशी आपलं बरंचसं पोषण थेट आतल्या अन्नातून घेतात. जास्त दिवस उपाशी ठेवलं तर कुंपण आणखी पातळ होतं.

या सगळ्याची सुरुवात रक्त जाण्यापासून होते, म्हणून वर्गात एवढं तरी करून घ्या. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबायचं, सारखं उचलून बघायचं नाही, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. आणि एक गणित फळ्यावर जरूर मांडा. मुलाच्या अंगात दर किलोमागे साधारण ७५ मिली रक्त. २० किलोच्या मुलात किती? दीड लिटर. म्हणजे पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीएवढं रक्त गेलं, तर त्याचा तिसरा हिस्सा गेला.