लखलखीत हूड, झोपलेला पहारेकरी

सुपा धरणाच्या परिसरात, काळी नदीच्या काठी वसलेल्या गणेशगुडीचे रूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. गोवा, बेळगाव, हुबळी येथून येणाऱ्या पर्यटकांसाठी रानात विश्रामगृहे उभी राहिली आणि पंक्तीमागून पंक्ती उठविणारे भटारखानेही आले. या बरकतीचे आम्ही स्वागतच करतो. परंतु या भटारखान्यांत शेगड्यांवर टांगलेल्या एक्झॉस्ट हूडच्या पोटात काय साचले आहे, हे कोणी वाकून पाहिले आहे काय?

गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री लागलेल्या आगीत पंचवीस जणांचा बळी गेला. त्या आगीचे मूळ भटारखान्यात नव्हते. तरी मृतांपैकी वीस जण तेथील कर्मचारी होते. निमित्त कोणतेही असो, पोटासाठी राबणारा माणूस आगीत आधी सापडतो, हा त्या रात्रीचा धडा होय.

तळणीच्या वाफेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण वर जातात आणि हूड, जाळ्या व धूर वाहून नेणारी नळी यांच्या आतल्या अंगास ओशट थर धरतात. कढईतील तेलाने पेट घेतला, की हा थर वातीसारखा जळू लागतो आणि ज्वाला छपरापर्यंत पोहोचतात. म्हणूनच मोठ्या भटारखान्यांतील हूडमध्ये स्वयंचलित अग्निशमन यंत्रणा बसवितात. तिच्या एका प्रकारात ताणलेल्या तारेवरील धातूचा दुवा ठरावीक तापमानास वितळतो, तार सैल पडते आणि त्यासरशी तोट्यांतून क्षारयुक्त द्रावण फवारले जाऊन गॅसचा पुरवठा तुटतो. द्रावणाचा तेलाशी संयोग होऊन साबणासारखा फेस धरतो व आग गुदमरते.

या पहारेकऱ्यास दोन शत्रू आहेत. पहिला अस्वच्छता. दुव्यावर ओशट पुट चढले, की उष्णता त्यास उशिरा जाणवते. तोट्यांची तोंडेही बुजतात. दुसरा शत्रू अधिक फसवा, तो म्हणजे अजाणतेपणी केलेली स्वच्छता. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वा खरवडणीने तार सरकते, तोटीची दिशा बदलते, तिचे टोपण हरवते. द्रावण अकस्मात उडू नये म्हणून यंत्रणा तात्पुरती बंद केली जाते आणि काम संपल्यावर ती पूर्ववत सज्ज करण्याचे राहून जाते. हूड आरशासारखा लखलखतो. पहारेकरी मात्र झोपलेला असतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकानुसार लाकूड वा कोळशावर चालणाऱ्या भट्टीच्या हूडची तपासणी दरमहा, अहोरात्र चालणाऱ्या मोठ्या भटारखान्याची दर तीन महिन्यांनी आणि मध्यम कामाच्या भटारखान्याची दर सहा महिन्यांनी व्हावी लागते. वितळणारे दुवे सहा महिन्यांनी बदलावे लागतात. आपल्याकडील मालकांनी हा दंडक मापदंड म्हणून स्वीकारण्यास काय हरकत आहे? पावसाळा सरून पर्यटकांची रीघ लागण्यापूर्वी एक साफसफाई आणि हंगामाच्या मध्यावर दुसरी, एवढा तरी नेम असावा. यंत्रणा बंद करणे व पुन्हा सज्ज करणे हे काम तिच्या जाणकारानेच करावे, सफाईसाठी ज्वालाग्राही द्रव वापरू नये आणि शेवटी तार, दुवे, तोट्या व टोपणे तपासून तारखेनिशी नोंद ठेवावी. जेथे अशी यंत्रणाच नाही, त्या लहान खानावळींनी निदान इतके पाळावे, की पेटत्या तेलावर पाणी ओतू नये. शक्य असल्यास गॅस बंद करून कढईवर झाकण घालावे. उकळत्या तेलात पडलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि ती जळते तेल चहूकडे उडविते.

ही जबाबदारी रोजंदारीवर हूड घासणाऱ्या पोराच्या माथी मारणे अन्याय्य आहे. कोणत्या तारेस हात लावू नये, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. सांगण्याचे कर्तव्य आणि जाणकाराचा खर्च, दोन्ही मालकाचे. आणि ते पार पडते की नाही, हे परवाना देणाऱ्यांनी प्रत्यक्ष भटारखान्यात जाऊन पाहावे. गणेशगुडीसारख्या रानातल्या गावी ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही नुसती म्हण राहत नाही. वळणावळणाच्या रस्त्याने बंब येईतो हूडमधली ती तार हाच तेथला पहिला बंब होय. ती तार शाबूत ठेवणे ही माणुसकीही आहे आणि शहाणपणही.