अक्षरजुळणीतील मॅक्रो

पूर्वी जुळारी शिशाचे खिळे हाताने जुळवून पान सिद्ध करीत असे. हे कार्य आता संगणकास लेखी आज्ञा देऊन करता येते. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये ‘टेक’ ही अशी प्रणाली प्रथम सिद्ध केली. तिच्या सुमारे ३०० मूळ आज्ञा पाठ करू पाहणारा नवशिका गोंधळून जातो.

ही अडचण मॅक्रोने दूर होते. मॅक्रो म्हणजे अनेक आज्ञांच्या समूहास दिलेले एक नाव. मोठा टाइप, क्रमांक व मोकळी जागा यांच्या आज्ञा एकदाच ‘शीर्षक’ या नावाखाली नोंदविल्या, की पुढे प्रत्येक प्रकरणारंभी ते नाव लिहिणे पुरेसे होते. टाइप बदलावयाचा झाल्यास केवळ मूळ नोंद बदलावी लागते.

मात्र हे नाव अर्थावरून ठेवावे, रूपावरून नव्हे. ‘ठळक’ असे नाव ठेवले आणि पुढे शीर्षक तिरप्या अक्षरांत हवे झाले, तर ते नावच खोटे ठरते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात याच तत्त्वावर ‘लाटेक’ रचले. लेखकाने आशय सांगावा व रूप मॅक्रोवर सोपवावे, अशी ही श्रमविभागणी आहे. तिच्यामुळे जुळाऱ्याची विद्या न शिकलेल्या विद्यार्थ्यासही गणिताचा ग्रंथ स्वतः जुळविता येतो.