‘टक टक आवाज येतोय’: शोधशब्द आणि तंत्रसेवेचा बाजार

सर्च इंजिनच्या पट्टीत माणूस जी ओळ टाइप करतो, तीत तो आपली अडचण स्वतःच्याच शब्दांत सांगत असतो. तंत्रसेवा देणाऱ्यासाठी ही ओळ फार मोलाची असते. साडी किंवा साबण जाहिरात पाहून घेतला जातो. संगणकाची दुरुस्ती, सर्व्हरची देखभाल, सायबर सुरक्षा किंवा गेलेला डेटा परत मिळवणे यांची आठवण मात्र काहीतरी बिघडल्याशिवाय सहसा होत नाही. बिघडले की माणूस आधी शोधतो आणि मग फोन करतो. या शोधांचा माग काढून आपली सेवा त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे आता स्वतंत्र काम झाले आहे. गूगलची ‘अ‍ॅडवर्ड्स’ ही जाहिरातसेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये तिचे नाव ‘गूगल अ‍ॅड्स’ झाले. लोक काय शोधतात याचा कल दाखवणारे ‘गूगल ट्रेंड्स’ २००६ मध्ये आले. आज छोट्या दुकानातही एक माणूस याच कामाला बसलेला दिसतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, संगणकाच्या सुट्या भागांसाठी आणि दुरुस्तीसाठी प्रसिद्ध आहे. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्या तिथल्या एका लहानशा दुकानात हे काम जवळून पाहता येते. आत दोन टेबले आहेत. एकावर कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली वाकलेला असतो, सोल्डरिंगचा उग्र वास तिथे कायम दरवळत असतो. दुसऱ्यावर लॅपटॉप, फोन आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची लांबट वही. इथे बसणारी तरुणी दुकानाचे कीवर्ड, वेबसाइट आणि फोन सांभाळते. फोन आला की समोरच्याचे पहिले वाक्य ती वहीत जसेच्या तसे उतरवते. एका पानावर एकाखाली एक असे लिहिलेले आहे: ‘टक टक आवाज येतोय’, ‘लावली की दिसतच नाही’, ‘मुलीच्या बारशाचे फोटो होते त्यात’, ‘फॉरमॅट मारा असं विचारतंय, मारू का?’

सगळे काम या वहीपासून सुरू होते. दुकानाच्या पाटीवर ‘डेटा रिकव्हरी’ आहे, कारागीर ‘हेड गेलंय’ म्हणतो आणि ग्राहक ‘टक टक’ म्हणतो. पाटीवरच्या शब्दावर मोठ्या कंपन्यांची चढाओढ असते. ग्राहकाच्या शब्दाकडे मात्र अनेकदा कोणी पाहिलेलेच नसते. शिवाय तो शब्द देवनागरीत येईल, रोमन लिपीतल्या मराठीत येईल की हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात, हे आधी सांगता येत नाही. ट्रेंड्समध्ये टाकलेला शोधशब्द टाकला तसाच मोजला जातो. त्याचे समानार्थी शब्द, वेगळी स्पेलिंगे किंवा चुकीची स्पेलिंगे त्यात आपोआप धरली जात नाहीत. म्हणून एकाच अडचणीची चार-पाच रूपे वेगवेगळी तपासावी लागतात.

गूगलने वेळोवेळी सांगितलेला एक आकडा या टेबलावर सारखा निघतो: रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याआधी कधीच झालेले नसतात. १५ टक्के म्हणजे दर सातामागे एक शोध असा, की ज्याची कोणत्याही साधनात मागची नोंद नाही. ‘ते १५ टक्के इथे असतात,’ असे म्हणत ती तरुणी वहीवर बोट ठेवते.

शब्द जमले की त्यांची वर्गवारी होते. संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये वेबवरच्या शोधांचे हेतूनुसार तीन प्रकार मांडले: माहितीसाठी केलेला शोध, ठरावीक साइटवर जाण्यासाठी केलेला शोध आणि काही व्यवहार उरकण्यासाठी केलेला शोध. ही विभागणी आजही उपयोगी पडते. ‘हार्ड डिस्क आवाज का करते’ हा माहितीचा शोध आहे, ‘डेटा रिकव्हरी ग्रँट रोड’ हा व्यवहाराचा. दुसऱ्या शोधाला पत्ता, वेळ आणि तपासणीचा दर द्यावा लागतो. पहिल्याला खरे उत्तर द्यावे लागते. पहिल्या प्रकारच्या शोधावर थेट विक्रीचे पान पुढे केले, तर माणूस लगेच मागे फिरतो.

यानंतर ट्रेंड्सचा आलेख येतो. त्यात २००४ पासूनचा कल पाहता येतो, देश आणि राज्य निवडता येते, चार-पाच शब्द शेजारी ठेवून ताडता येतात. त्यातला आकडा मात्र नीट समजून घ्यावा लागतो. आलेखातले १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा एकूण शोधांमधला वाटा जेव्हा सर्वांत मोठा होता, त्या क्षणाला १०० मानले जाते आणि बाकी सगळे त्याच्या प्रमाणात मांडले जाते. म्हणून रेघ खाली आली तरी प्रत्यक्ष शोध वाढलेले असू शकतात, फक्त बाकीचे शोध त्याहून जास्त वाढलेले असतात. हे सगळे नमुन्यावरून काढलेले असते, आणि फारच कमी लोकांनी शोधलेले शब्द शून्य दिसतात. ‘टक टक आवाज’ हा शब्द महाराष्ट्रापुरता तपासला, तर पडद्यावर पुरेशी माहिती नसल्याची सूचना येऊ शकते. अशा वेळी ग्राहक नाहीत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

कलावर फार भिस्त ठेवली तर काय होते, याचा धडा खुद्द गूगलच्याच प्रयोगातून मिळाला. शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधणारे ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ २००८ मध्ये सुरू झाले. २०१२-१३ च्या हंगामात त्याचे अमेरिकेतले अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाले आणि २०१५ मध्ये ते बंद झाले. बातम्या वाचून घाबरलेला निरोगी माणूसही ‘फ्लू’ शोधतो. तसेच १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हे रॅन्समवेअर जगभर पसरले, तेव्हा त्याविषयी शोधणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकात ते शिरलेले नव्हते. कुतूहल, भीती आणि गरज या तिन्हींची रेघ आलेखात सारखीच उंच जाते. त्यातली गरज ओळखणे हे माणसाचे काम आहे.

तरीही तयारीसाठी कल उपयोगी पडतो, विशेषतः तारीख आधीच माहीत असेल तेव्हा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होणार हे ठाऊक होते, त्यामुळे बिलिंग सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांना आधीच माहितीची पाने लिहून ठेवता आली. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हेही आधीच जाहीर होते. अशा दिवसाच्या दोन-तीन महिने आधी लिहिलेले पान सर्च इंजिनला सापडायला, तपासायला आणि वर आणायला वेळ मिळतो. २५ मार्च २०२० च्या टाळेबंदीसारखी घटना अशी सांगून येत नाही. घरून काम करण्याच्या साधनांचा शोध तेव्हा एकाएकी उसळला. त्यावेळी उपयोगी पडली ती जुनीच, नीट लिहिलेली पाने.

मागणी मोजण्यासाठी ‘कीवर्ड प्लॅनर’ आहे. महिन्याला सरासरी किती शोध होतात याचा अंदाज ते देते. जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला मात्र नेमका आकडा न मिळता ‘१०० ते १ हजार’ असा ऐसपैस पट्टा मिळतो. त्यातल्या ‘स्पर्धा’ या रकान्याचा अर्थ लावताना नवखे हमखास चुकतात. तो रकाना जाहिरातदारांमधली चढाओढ दाखवतो. बिनजाहिरातीच्या निकालांत वर येणे किती अवघड आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही.

तिसरे साधन ‘सर्च कन्सोल’. पहिली दोन साधने बाजाराची माहिती देतात, हे आपल्या साइटची देते: कोणत्या शोधासाठी आपले पान किती वेळा दिसले, किती क्लिक मिळाले, सरासरी कितव्या क्रमांकावर होते. १६ महिन्यांपर्यंतची नोंद यात मिळते. दुकानात दर सोमवारी ही यादी उघडली जाते. क्लिक कमी आणि दर्शन जास्त अशा ओळींवर ती तरुणी थांबते. अशीच एक ओळ पुन्हा पुन्हा वर येते, रोमन लिपीत, मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलेली. अर्थ असा: हार्ड डिस्कमधून टक टक आवाज, फोटो परत मिळतील का. पान दिसले आहे, पण कोणी उघडलेले नाही, कारण पानाच्या शीर्षकात फक्त ‘व्यावसायिक डेटा रिकव्हरी सेवा’ एवढेच आहे. ज्याचे फोटो अडकले आहेत, त्याला ते आपल्यासाठी लिहिले आहे असे वाटलेले नाही.

मग शीर्षक बदलते: ‘हार्ड डिस्कमधून टक टक आवाज येतोय? आधी ती बंद करा.’ मजकूर कारागिराला विचारून लिहिला जातो. टक टक हा बहुधा डिस्कमधल्या हेडचा आवाज असतो. तबकडीवरच्या खुणा वाचता न आल्याने हेडचा दांडा पुन्हा पुन्हा मूळ जागी परततो आणि परत प्रयत्न करतो. अशी डिस्क चालू ठेवली, तर तबकडीवर चरे पडून डेटा कायमचा जाऊ शकतो. तिच्यावर रिकव्हरी सॉफ्टवेअर तासन्‌तास चालवू नये. ती फ्रीजरमध्ये ठेवावी असा सल्ला इंटरनेटवर वर्षानुवर्षे फिरतो आहे, तोही मानू नये, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते. कव्हर घरी उघडू नये, धुळीचा कणही घातक ठरतो. एसएसडीतून पुसलेल्या फाइलींची गोष्ट वेगळी आहे. ‘ट्रिम’ या सोयीमुळे त्या बऱ्याचदा परत मिळत नाहीत, हेही पानावर स्पष्ट लिहिले जाते.

या पानात दुकानाची स्तुती नाही. ते वाचून एखाद्याने डिस्क बंद केली आणि दुसऱ्याच दुकानात नेली, तरी त्याचे फोटो वाचण्याची शक्यता वाढलेली असते. शोधशब्दांच्या आधारे केलेल्या विक्रीचे याहून चांगले रूप दाखवणे कठीण आहे. उत्तर आधी आणि दुकान नंतर, हा क्रम ज्याने पाळला त्याच्यावर विश्वास बसतो. तंत्रसेवेत ग्राहकाला काम तपासून पाहता येत नाही, त्यामुळे सगळी मदार विश्वासावरच असते.

जाहिरातीचा मार्ग झटपट असतो. गूगल अ‍ॅड्समध्ये प्रत्येक शोधागणिक लिलाव होतो. बोलीबरोबरच जाहिरात शोधाशी किती जुळते, तिच्यावर क्लिक होण्याची शक्यता किती आणि उघडणारे पान कितपत उपयोगी, हेही त्यात धरले जाते. नको असलेले शब्द वगळण्याची यादी इथे फार महत्त्वाची ठरते. ‘फुकट’, ‘क्रॅक’, ‘कोर्स’, ‘नोकरी’ हे शब्द वगळले नाहीत, तर पैसा भलत्याच क्लिकवर जातो.

घाबरलेला माणूस समोर येईल तो पहिला नंबर फिरवतो, आणि याच घाईचा फायदा भामट्यांनी घेतला. संगणकात व्हायरस शिरल्याची भीती घालून पैसे उकळणाऱ्या टोळ्या जाहिरातींतून पुढे येऊ लागल्या. त्यामुळे बिंगने २०१६ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या त्रयस्थ तांत्रिक मदतीच्या जाहिरातींवर बंदी घातली, तर गूगलने २०१८ मध्ये अशा जाहिरातींवर निर्बंध आणले. त्याचा फटका प्रामाणिक दुरुस्तीवाल्यांनाही बसला. खोटे ‘कस्टमर केअर’ नंबर शोधनिकालांत पेरून फसवण्याचे प्रकार आजही होतात. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार करण्यासाठी देशभर १९३० हा क्रमांक आहे. तो दुकानाच्या पानावर तळाशी छापलेला आहे.

म्हणूनच स्थानिक दुकानाला ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ जास्त कामी येते. शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाची ओळख या तीन गोष्टींवर स्थानिक निकालांचा क्रम ठरतो, असे गूगल सांगते. खरा पत्ता, खऱ्या वेळा, दुकानाचा खरा फोटो आणि परीक्षणांना दिलेली उत्तरे हे रोजचे साधे काम आहे, पण त्यावरच फोन वाजतो.

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही काही शोधांच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसू लागला आहे. उत्तर तिथेच मिळाले, तर पान उघडण्याची गरज उरत नाही. त्यामुळे नुसते क्लिक मोजून हिशेब पुरा होत नाही. वहीत आता आणखी एक रकाना आखला आहे: ‘कुठून कळलं?’ फोन करणाऱ्याला तेवढे विचारले जाते. कोणत्या पानावरून किती फोन आले, त्यातल्या किती डिस्क टेबलावर आल्या आणि किती लोकांना डेटा परत मिळाला, हे महिन्याअखेरीस ताडून पाहिले जाते. शेवटच्या रकान्यातला आकडा वाढला तरच ते पान कामाचे मानले जाते.

एवढे झाले की चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरते. यादी पाहायची, शीर्षक सुधारायचे, आलेख तपासायचा. साधने अनेक शोध मोजून दाखवतात. त्या १५ टक्क्यांसाठी मात्र फोन उचलून शांतपणे ऐकावे लागते, आणि समोरचा जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे लागते.