मराठीचा कळफलक कोणी घडवायचा?

भोर संस्थानचे अधिपती 'पंतसचिव' या पदाने ओळखले जात, आणि हे पद मुळात लेखणीचे होते. अष्टप्रधानांतील सचिवाने राजपत्रे बारकाईने वाचावीत, मजकुरातील अधिकउणे दुरुस्त करावे, महाल-परगण्यांच्या हिशेबावर नजर ठेवावी, अशी व्यवस्था होती. शंकराजी नारायण यांच्या घराण्याकडे आलेल्या या पदाची परंपरा १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत टिकली. भोर गावाजवळून वाहणारी नीरा पुढे पुणे-सातारा महामार्गाला भेटते. तेथे सारोळ्याचा पूल ओलांडला की सातारा जिल्ह्यातील शिरवळ लागते. लेखणीच्या पदावर उभ्या राहिलेल्या या मुलखाच्या वेशीवरच, शिरवळला, गोदरेज कंपनीचा टंकलेखन यंत्रांचा कारखाना होता.

भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र गोदरेजने १९५५ मध्ये बाजारात आणले. पुढची चार-पाच दशके कचेऱ्या, न्यायालये, शाळा आणि तालुक्याच्या गावचे टंकलेखन वर्ग यांचा कारभार अशाच यंत्रांवर चालला. संगणक आल्यानंतर मागणी ओसरत गेली आणि २००९ मध्ये शिरवळ येथील उत्पादन थांबले. अखेरच्या काळातही तेथे वर्षाला दहा-बारा हजार यंत्रे तयार होत होती. शिल्लक राहिलेल्या यंत्रांची बातमी २०११ मध्ये जगभर झळकली, तेव्हा जुन्या वस्तूंविषयीच्या हळहळीपलीकडे तिची चर्चा फारशी गेली नाही. वास्तविक त्या दिवशी एक प्रश्न विचारला जायला हवा होता. मराठी अक्षरे कळांवर कोरून देणारा कारखाना गेला. आता मराठीचा कळफलक कोण घडवणार?

नव्वद चिन्हांत बसवलेली लिपी

देवनागरी लिपी यंत्रात बसवणे हे कधीच सोपे काम नव्हते. छापखान्यात देवनागरीच्या जुळणीला कित्येक शे खिळे लागत. ही संख्या आटोक्यात आणण्यासाठी लोकमान्य टिळकांसारख्या व्यग्र नेत्यानेही खटपट केली. टंकलेखन यंत्रापुढची अडचण तर याहून मोठी होती. चाळीस-पंचेचाळीस कळा आणि प्रत्येकीवर दोन चिन्हे, म्हणजे जेमतेम नव्वद चिन्हांत स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे आणि अंक बसवायचे होते. त्यासाठी अर्धे अक्षर आणि काना वेगळे करून जोडण्याची युक्ती निघाली. काही मात्रांच्या कळा दाबल्यावर कागद पुढे सरकू नये, अशी योजना झाली. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर उमटवावा लागे, कारण कागदावर ती आधी दिसते. लाखो बोटांनी ही तडजोड आत्मसात केली आणि तिच्या बळावर कित्येक घरांत पहिली सरकारी नोकरी आली.

संगणकाला या तडजोडीची गरज नव्हती. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ऐंशीच्या दशकात 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी सिद्ध केली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानकात स्थान मिळाले. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, आणि लिहिण्याचा क्रम उच्चाराप्रमाणे, अशी तिची सुबक रचना आहे. येथे 'क' आधी आणि वेलांटी नंतर. परंतु जुन्या यंत्रावर शिकलेल्या बोटांना हे उलटे वाटले, म्हणून जुनी मांडणीही संगणकावर आली. त्यामुळे आज दोन्ही मांडण्या नांदत आहेत. संगणक मात्र एकाच तऱ्हेचा मिळतो, आणि त्याच्या कळांवर केवळ इंग्रजी अक्षरे असतात.

याचा परिणाम काय होतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. बहुसंख्य विद्यार्थी मराठी शब्द रोमी अक्षरांत टंकतात आणि यंत्र त्याचे देवनागरी करून देते. सोय मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण या सोयीत मराठी लिहिण्याची वाट इंग्रजी अक्षरांच्या दारातून जाते. ज्या मुलाला इंग्रजी वर्णमाला पक्की येत नाही, त्याला स्वतःच्या भाषेत चार ओळी टंकता येत नाहीत. 'ळ', 'ण' किंवा 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' रोमीतून कसा काढावा, हे शोधताना तो दमतो आणि सोपा पण चुकीचा शब्द स्वीकारून मोकळा होतो. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून 'ॲ' आणि 'ऑ' यांना तिच्यात स्थान दिले. मुलाच्या बोटांखालच्या कळेवर मात्र त्यांचा मागमूस नसतो.

हौशी मंडळींचा उद्योग

मोठ्या कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या वस्तूला लाखांनी गिऱ्हाईक नाही, तिचे साचे त्या कशासाठी पाडतील? पण याच अडचणीतून जगातील हौशी मंडळींनी एक वाट काढली आहे, आणि ती आपण समजून घेण्याजोगी आहे.

ऐंशीच्या दशकातील संगणकांच्या कळा भक्कम असत. प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग असे आणि दाब पुरेसा झाला की बोटाला तसे स्पष्ट जाणवे. नव्वदीनंतर स्वस्ताईच्या ओघात त्यांच्या जागी रबराच्या पातळ पडद्याचे कळफलक आले. ज्यांना हे रुचले नाही, त्यांनी जुने भक्कम कळफलक शोधून दुरुस्त करण्यास आरंभ केला. पुढे ते स्वतःच नवे घडवू लागले. पेटी, पट्टी, स्विच, कळांच्या टोप्या हे सारे सुटे मिळू लागले. कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे, हे ठरवणारी प्रणालीही काही मंडळींनी विनामूल्य खुली केली. साच्याचा खर्च एकट्याला झेपत नाही. म्हणून शे-दोनशे इच्छुक आधी पैसे भरतात आणि ठरलेली संख्या भरली की कारखान्याला काम दिले जाते.

जुन्या धाटणीचे संगणकही याच रीतीने पुन्हा जन्मले. ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेला सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम हा रबरी कळांचा छोटा संगणक होता, आणि त्यावर एका पिढीने आज्ञावली लिहिण्याचे धडे गिरवले. भारतातही परवाना घेऊन त्याची एक आवृत्ती निघाली होती. ब्राझीलमधील हौशी तंत्रज्ञांनी केलेल्या मांडणीवरून त्याचा नवा अवतार घडवण्यासाठी २०१७ मध्ये जाहीर आवाहन झाले. अडीच लाख पौंडांची अपेक्षा होती. तीन हजारांवर लोकांनी मिळून सात लाखांहून अधिक पौंड आगाऊ भरले. मूळ यंत्राला रूप देणारे रिक डिकिन्सन यांनीच नव्या यंत्राचीही पेटी रेखाटली. ते हातात पडण्यापूर्वी, २०१८ मध्ये, त्यांचे निधन झाले. यंत्रे पोचायला २०२० उजाडले. ठरल्या मुदतीहून झालेल्या या दोन वर्षांच्या विलंबाचे एक मुख्य कारण होते कळफलक! मनाजोगी कळ घडवणे किती अवघड असते, याचा हा धडाच म्हणायचा. तरीही लोकांचा विश्वास ढळला नाही, आणि दुसऱ्या आवाहनाला त्याहून दुपटीने पैसे जमले.

पैसा फंडाचा धडा

या रीतीला इंग्रजी नाव असले तरी महाराष्ट्राला ती नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी वर्षाला एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. परदेशात ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे पहिले व्यवस्थापक झाले, आणि तेथे तयार झालेले कारागीर पुढे दूरदूरच्या काच कारखान्यांत पोचले. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी भागधारकांची मंडळी उभी केली. १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने वाचकांनाच चळवळीचे सभासद केले. बाजार जे देत नाही ते थेंबाथेंबाने उभे करावे, ही आपल्याकडची जुनी आणि फळलेली रीत आहे.

मग मराठी कळफलकासाठी ती का वापरू नये? काम अवाढव्य नाही. पेटी आणि स्विच तयार मिळतात. मांडणी बदलण्याची प्रणाली फुकट आहे. नवे घडवायचे ते फक्त कळांच्या टोप्यांचे संच. त्यांवर मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असावेत. 'ळ', 'ॲ', 'ऑ' आणि 'ऱ' यांना सहज सापडेल अशी जागा असावी. एका कोपऱ्यात लहान इंग्रजी अक्षर असले तरी चालेल. मांडणी इन्स्क्रिप्ट असावी, कारण शासनमान्य प्रमाण तेच आहे आणि नव्या विद्यार्थ्याला ते सोपे जाते. जुन्या टंकलेखकांसाठी कळफलकातच जुन्या मांडणीची सोय ठेवता येईल.

धोकेही सांगितले पाहिजेत. आगाऊ पैसे देणारा गिऱ्हाईक नसतो आणि भागधारकही नसतो. काम फसले तर त्याच्या हाती बहुधा काही उरत नाही. परदेशी हौशी वर्तुळातही पैसे घेऊन वस्तू न दिल्याचे प्रकार घडले आहेत. शिवाय तेथील कळफलकांच्या किमती पाहता हा छंद श्रीमंतांचा आहे, हा आक्षेपही खोटा नाही. म्हणूनच येथे अशा कामाला काही पथ्ये हवीत. पैसा एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात असावा, हिशेब दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावा आणि आराखडा सर्वांस खुला असावा, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणालाही तो बनवता येईल. पहिली खेप लहान असावी आणि ती शाळांकडे व टंकलेखन वर्गांकडे जावी.

आता आवाजावरून लिहिणारी यंत्रे आली, कळफलक हवा कशाला, असे कोणी म्हणेल. पण पन्नास जणांच्या वर्गात किंवा कचेरीच्या दालनात प्रत्येकजण मोठ्याने मजकूर सांगू लागला तर काय होईल? आणि बोललेले सारेच लिहिण्याजोगे नसते. शब्द तोलून, खोडून, पुन्हा लिहिण्यासाठी हातच लागतो. सचिवाचे काम हेच होते.

टंकलेखनाची शासकीय परीक्षा आता संगणकावर होते, आणि भोर-वेल्ह्याकडच्या गावांतील मुलामुलींच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र आजही नोकरीच्या अर्जातील एक महत्त्वाचा कागद आहे. त्यांनी परीक्षेच्या मांडणीचा तक्ता भिंतीवर लावून, इंग्रजी कळांवर अंदाजाने बोटे ठेवून सराव करावा, हे मराठीला राजभाषा म्हणणाऱ्या राज्याला शोभत नाही. शिरवळचा कारखाना परत येणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण एखाद्या तालुक्यातील चार शाळा, दोन टंकलेखन वर्ग आणि शंभर वर्गणीदार यांनी मनावर घेतले, तर मराठी अक्षरांचा पहिला संच मुलांच्या बोटांखाली येऊ शकतो. पैसा फंडाने एका पैशापासून आरंभ केला होता.